ज्वर उतरला, पण परजीवी गेला काय? : हिवतापाच्या परजीवीचे रेणवीय जीवशास्त्र आणि चिकित्सकाची दृष्टी

प्रास्ताविक

विषमज्वर हा आपल्या सर्व संहिताग्रंथांत विस्ताराने वर्णिलेला व्याधी आहे. सन्तत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक या पाच प्रकारांपैकी एक दिवसाआड येणारा तृतीयक आणि दोन दिवस सोडून येणारा चतुर्थक यांचे आधुनिक शास्त्रातील हिवतापाशी असलेले साम्य विद्यार्थिदशेपासून आपल्या परिचयाचे आहे. विषमज्वर आणि हिवताप हे सर्वार्थाने एकच, असे मात्र म्हणता येत नाही. विषमज्वराची व्याप्ती मोठी आहे आणि हिवताप हा त्यात अंतर्भूत होणारा एक प्रमुख व्याधी होय. विषमज्वरात प्रायः आगन्तु कारणाचा अनुबंध असतो, हा चरकाचार्यांचा अभिप्राय येथे विशेष लक्षात घेण्यासारखा आहे.

हा आगन्तु हेतू शरीरात नेमके काय करतो, याचे उत्तर गेल्या तीन-चार दशकांत रेणवीय जीवशास्त्राने बऱ्याच अंशी दिले आहे. ते केवळ जिज्ञासेपोटी जाणून घ्यावे असे नाही. पावसाळा सरल्यावर आपल्या चिकित्सालयात आणि औषधालयात ज्वराचे रुग्ण रांगेने येतात. दोन दिवसांत ताप उतरला की रुग्ण औषध थांबवतो, आपणही समाधान मानतो. ज्वर उतरणे आणि परजीवी नष्ट होणे या दोन भिन्न घटना आहेत. त्यांत गल्लत झाली तर रुग्ण प्राणास मुकू शकतो आणि हाती असलेले औषधही कायमचे निकामी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण आढळले आणि सुमारे ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले. म्हणूनच या परजीवीचे आणि मनुष्यशरीराचे नाते रेणूंच्या पातळीवर समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

परजीवीचा परिचय

६ नोव्हेंबर १८८० रोजी फ्रेंच लष्करी वैद्य लाव्हरॉं यांनी अल्जीरियातील कॉन्स्टन्टीन येथे एका रुग्णाच्या रक्तात हा परजीवी प्रथम पाहिला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भित्तीत त्याची अवस्था आढळली. प्लाझ्मोडियम या प्रजातीच्या अनेक जाती आहेत. आपल्याकडे त्यांपैकी दोन प्रमुख आहेत : व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपॅरम. पहिली वारंवार उलटणारी, दुसरी प्राणघातक. मुंबईसारख्या शहरांत बांधकामाच्या जागी साठलेल्या पाण्यातील डासांमुळे मुख्यतः व्हायव्हॅक्स पसरतो, तर गडचिरोलीच्या वनप्रदेशात फाल्सिपॅरमचा उपद्रव मोठा आहे.

फाल्सिपॅरमचा संपूर्ण जनुकसंच २००२ साली प्रसिद्ध झाला. १४ गुणसूत्रे आणि सुमारे ५,३०० जनुके एवढा त्याचा संसार. मनुष्याच्या जनुकसंख्येच्या हे प्रमाण चौथाईच्या आसपास भरते. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर हा एकपेशीय जीव डास आणि मनुष्य अशा दोन सर्वस्वी भिन्न शरीरांत राहतो, आणि मनुष्यातही यकृत आणि रक्त अशा दोन भिन्न स्थानांत वास्तव्य करतो. स्थान बदलले की तो आपल्या पृष्ठभागावरील प्रथिनेही बदलतो. म्हणून एका अवस्थेवर प्रभावी ठरणारे औषध दुसऱ्या अवस्थेवर निष्प्रभ ठरू शकते. पुढील सर्व विवेचनाचे हे सूत्र आहे.

यकृतातील निःशब्द काळ

ॲनोफिलीस जातीच्या मादी डासाने चावा घेताना त्वचेत सोडलेले सुईसारखे सूक्ष्म बीजाणू रक्तवाहिनी गाठतात आणि अल्पकाळातच यकृतात पोहोचतात. त्यांच्या अंगावर एका विशिष्ट प्रथिनाचे दाट आवरण असते. यकृतपेशींच्या पृष्ठभागावरील गंधकयुक्त शर्करा-शृंखला त्या प्रथिनाला धरून ठेवतात. बीजाणू रक्ताबरोबर सर्व शरीरात फिरत असूनही यकृतातच का थांबतो, याचे स्पष्टीकरण या रेणवीय आकर्षणात आहे. याच प्रथिनाच्या अंशावर हिवतापाच्या दोन्ही मान्यताप्राप्त लसी आधारलेल्या आहेत. त्यांपैकी २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली आर-२१ ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली असून तिचे उत्पादन पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट करते.

यकृतपेशीत शिरलेला एक बीजाणू सुमारे आठवड्याभरात विभागून सहस्रावधी नवीन परजीवी निर्माण करतो. या काळात ताप नाही, अंगदुखी नाही, रक्ततपासणीतही काही सापडत नाही. पुढे हे परजीवी यकृतपेशीच्याच पटलात गुंडाळलेल्या पुड्यांच्या रूपाने रक्तप्रवाहात सुटतात, असे उंदरांच्या हिवतापावरील संशोधनात २००६ साली दिसून आले. स्वकीयांचे वस्त्र पांघरून निघालेल्या शत्रूला प्रहरी अडवीत नाहीत, तसाच हा प्रकार.

व्हायव्हॅक्सची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याचे काही बीजाणू यकृतात गेल्यावर विभागतच नाहीत, ते सुप्त राहतात. या अवस्थेला हिप्नोझोइट म्हणतात. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी ते जागे होतात आणि नवीन डास न चावताही ज्वर पुन्हा येतो. येथे चरकाचार्यांनी ज्वरचिकित्सिताध्यायात दिलेल्या भूमीत दडलेल्या आणि योग्य काळी अंकुरणाऱ्या बीजाच्या दृष्टांताचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तो दृष्टांत धातूंत लीन झालेल्या दोषांविषयी आहे, सूक्ष्मजीवाविषयी नव्हे, हा विवेक ठेवावयास हवा. ज्वराच्या दोन वेगांमधील शांतता म्हणजे आरोग्य नव्हे, हे निरीक्षण मात्र दोन्ही शास्त्रांत समान आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा की रक्तातील व्हायव्हॅक्स नष्ट करणारे क्लोरोक्विन यकृतातील सुप्त बीजाला स्पर्शही करीत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन द्यावे लागते. राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार त्याचा क्रम १४ दिवसांचा आहे. तिसऱ्या दिवशी रुग्ण हिंडू-फिरू लागतो आणि उरलेल्या गोळ्या डब्यात राहतात. दोन महिन्यांनी ताप उलटला की दोष औषधाला दिला जातो. वस्तुतः औषध पुरतेपणी घेतलेच गेले नव्हते.

रक्तपेशीत प्रवेश : कुलूप आणि किल्ली

यकृतातून बाहेर पडलेल्या परजीवीला तांबड्या रक्तपेशीत शिरण्यास एखादे मिनिटही पुरते. या प्रवेशासाठी परजीवीजवळ किल्लीसारखी प्रथिने असतात आणि रक्तपेशीच्या पृष्ठभागावर कुलुपासारखे ग्राही रेणू असतात. त्यांची जुळणी झाली तरच प्रवेश होतो. बेसिजिन नावाचा ग्राही फाल्सिपॅरमच्या प्रवेशासाठी अपरिहार्य असल्याचे २०११ साली सिद्ध झाले.

व्हायव्हॅक्सची किल्ली प्रामुख्याने डफी नावाच्या ग्राहीला लागते. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील बहुसंख्य लोकांच्या रक्तपेशींवर हा ग्राहीच नसतो आणि तेथे व्हायव्हॅक्सही विरळ आहे. या दोहोंचा संबंध १९७६ साली दाखविला गेला. जनुकाच्या नियंत्रक भागातील केवळ एका अक्षराच्या बदलामुळे तो ग्राही रक्तपेशीपुरता नाहीसा होतो, हे १९९५ साली कळले. एका अक्षराच्या फरकाने अवघ्या लोकसमूहाला संरक्षण मिळावे, हे पोषक शरीर आणि परजीवी यांच्या नात्याचे उत्कृष्ट उदाहरण होय. परजीवीही स्वस्थ बसलेला नाही. २०१० पासून मादागास्करसह आफ्रिकेतील काही भागांत डफीविरहित व्यक्तींमध्येही व्हायव्हॅक्सचा संसर्ग आढळू लागला आहे.

व्हायव्हॅक्स केवळ कोवळ्या रक्तपेशींत शिरतो, म्हणून रक्तातील त्याची संख्या बेताची राहते. फाल्सिपॅरमला पेशीच्या वयाचे बंधन नाही. त्याची वाढ म्हणूनच अनिर्बंध होऊ शकते आणि तीव्रताही त्यामुळे वाढते.

रक्तपेशीचे रूपांतर आणि वेषांतर

तांबड्या रक्तपेशीला केंद्रक नसते. ती स्वतः नवीन प्रथिने बनवू शकत नाही. परजीवी अशा पेशीत शिरून तिचे अंतरंग आणि बाह्यांगही पालटतो. आपली शेकडो प्रथिने तो स्वतःभोवतीच्या पटलापलीकडे, रक्तपेशीच्या द्रव्यात आणि पृष्ठभागावर पाठवितो. पाठवावयाच्या प्रथिनांवर पत्त्यासारखी एक खूण असते, हे २००४ साली उलगडले.

पृष्ठभागावर पोहोचणाऱ्या प्रथिनांपैकी एक अत्यंत महत्त्वाचे आहे. फाल्सिपॅरमने ग्रस्त पेशीवर सूक्ष्म गाठी उठतात आणि त्या गाठींवर हे चिकटणारे प्रथिन उभे असते. त्याच्या योगे ग्रस्त पेशी केशिकांच्या अंतःस्तरास चिकटून बसते. असे का? रक्ताबरोबर वाहत राहिली तर प्लीहा तिला ओळखून नष्ट करील. प्लीहेची ही परीक्षा चुकविण्यासाठी परजीवी वाहतेपणाच सोडून देतो.

अशा उघड्यावर असलेल्या प्रथिनाविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करणारच. त्यावरही परजीवीने तोड काढली आहे. या प्रथिनाची सुमारे ६० जनुके प्रत्येक फाल्सिपॅरमजवळ असतात. त्यांना व्हार जनुके म्हणतात. त्यांची ओळख १९९५ साली पटली. एका वेळी त्यांतील एकच जनुक कार्यरत असते, बाकी सर्व मौन. शरीराने एका रूपाविरुद्ध प्रतिपिंडे सिद्ध केली, तोवर काही परजीवींनी दुसरे रूप धारण केलेले असते. बहुरूप्याने मुखवटे बदलावेत तसा हा खेळ महिनोन्महिने चालू शकतो. हिवतापप्रवण प्रदेशातील लोकांना वारंवार संसर्ग झाल्यावरच अंशतः प्रतिकारशक्ती येते आणि तीही प्रदेश सोडल्यावर ओसरते, याचे एक मुख्य कारण हेच.

या रेणवीय घटनेचे चिकित्सेतील परिणाम तीन आहेत.

पहिला असा की चिकटलेल्या पेशींमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा मार्ग अवरुद्ध होतो. आयुर्वेदाच्या परिभाषेत यास स्रोतोरोधाची उपमा देता येईल. मेंदूत हा रोध झाला म्हणजे भ्रम, आक्षेप आणि संज्ञानाश अशी लक्षणे उद्भवतात. रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराचे रक्षण करणाऱ्या एका ग्राहीलाच काही व्हार प्रथिने चिकटतात आणि अशा प्रकारांचा गंभीर हिवतापाशी संबंध आहे, हे २०१३ साली दिसून आले.

दुसरा परिणाम गर्भिणीविषयक आहे. अपरेत एक विशिष्ट शर्करा-रेणू विपुल असतो आणि एक ठराविक व्हार प्रथिन नेमके त्यालाच चिकटते. प्रथम गर्भधारणेत या रूपाविरुद्ध प्रतिपिंडे नसतात. म्हणून एरवी प्रतिकारशक्ती असलेल्या प्रदेशातील स्त्रीलाही पहिल्या खेपेस धोका अधिक असतो. पांडुता आणि गर्भाचे अल्पभार हे त्याचे परिणाम.

तिसरा परिणाम निदानाचा आहे. पक्व परजीवी केशिकांत दडलेले असल्याने बोटातून घेतलेल्या रक्तात केवळ अंगठीच्या आकाराच्या कोवळ्या अवस्था आणि क्वचित चंद्रकोरीसारख्या लैंगिक अवस्था दिसतात. काचपट्टीवर परजीवी थोडे दिसले म्हणून रोग सौम्य, असा निष्कर्ष काढू नये. एक तपासणी नकारात्मक आली आणि संशय बळकट असेल तर ती पुन्हा करावी.

ज्वराचा वेग कसा येतो?

रक्तपेशीत परजीवी सुमारे ४८ तासांत पक्व होतो, पेशी फोडतो आणि नवीन पिढी बाहेर पडते. फुटण्याच्या वेळी परजीवीचे मेदयुक्त शर्करा-रेणू आणि काळसर रंगद्रव्य रक्तात मिसळते. आपल्या संरक्षक पेशींवरील ग्राही हे द्रव्य ओळखतात आणि दाहजनक संदेशद्रव्ये सोडतात. त्यांचा परिणाम मेंदूतील तापमान-नियंत्रणावर होऊन शीत, दाह आणि स्वेद हे तीन टप्पे प्रकटतात. प्लाझ्मोडियम मलेरिए या जातीचे चक्र ७२ तासांचे असल्याने तिचा ज्वर चतुर्थक स्वरूपाचा असतो. फाल्सिपॅरममध्ये ही नियमितता बहुधा नसते. ठराविक वेळी थंडी वाजून ताप येत नाही म्हणून हिवताप नव्हे, असे मानणे धोक्याचे ठरते.

ज्वर हा परजीवी नव्हे, पेशी फुटल्याचा तो प्रतिध्वनी आहे. ज्वरघ्न द्रव्याने तो दबतो, मूळ कारण मात्र त्याच वेळी दुसऱ्या पेशींत वाढत असते.

पोषक शरीराचा प्रतिवाद : आपल्या प्रदेशाची कथा

सहस्रावधी वर्षांच्या या संघर्षात मनुष्याच्या जनुकांवरही खुणा उमटल्या आहेत. सिकलसेल हा त्यांतील सर्वज्ञात बदल. रक्तरंजकाच्या बीटा शृंखलेतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. दोन्ही जनुके सदोष असतील तर दुर्धर व्याधी जडतो. एकच सदोष असेल तर गंभीर फाल्सिपॅरमपासून लक्षणीय संरक्षण मिळते. हा संबंध १९५४ साली ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखविला. अशा पेशींत परजीवीचे चिकटणारे प्रथिन पृष्ठभागावर नीट मांडले जात नाही, असे पुढील संशोधनात आढळले. आपल्या विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी समाजांत, सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. त्या आजाराच्या रुग्णाला हिवताप झाल्यास मात्र तो अत्यंत घातक ठरू शकतो, हे विसरू नये. संरक्षण वाहकाला आहे, रुग्णाला नाही.

दुसरा बदल जी-सिक्स-पी-डी या विकराच्या न्यूनतेचा. हे विकर रक्तपेशीला ऑक्सिडीकरणाच्या आघातापासून वाचविते. त्याची उणीव असलेल्या पेशीत परजीवीलाही सुखाने राहता येत नाही. अशा व्यक्तीला प्रायमाक्विन दिल्यास मात्र रक्तपेशींचा मोठ्या प्रमाणावर नाश होऊ शकतो. या औषधाचा उपद्रव शोधतानाच १९५६ साली ही न्यूनता उमगली. तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत ती अधिक प्रकट होते. मूत्राचा वर्ण काळसर होणे, कामला किंवा एकाएकी पांडुता दिसणे ही धोक्याची चिन्हे. गर्भिणी आणि तान्ह्या बालकांना प्रायमाक्विन देत नाहीत. एकाच परजीवीने घडविलेले हे संरक्षण त्याच परजीवीच्या औषधाला अडथळा व्हावे, ही या नात्याची विलक्षण बाजू आहे.

औषध, उष्णता आणि प्रतिकार

परजीवी रक्तरंजक पचवून जगतो. त्यातून सुटणारे लोहयुक्त हीम त्याच्यासाठी विषारी असते. म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवितो. क्लोरोक्विन ही स्फटिकक्रिया थांबविते आणि परजीवी स्वतःच्याच अन्नाच्या विषाने मरतो. औषधच बाहेर फेकण्याची युक्ती मात्र फाल्सिपॅरमने शोधली. पचनकोशाच्या पटलावरील एका वाहक प्रथिनातील ७६ व्या स्थानी एका अमिनो आम्लाची अदलाबदल हे त्याचे मुख्य गमक असल्याचे २००० साली निश्चित झाले. भारतात क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपॅरम आसामात १९७३ साली प्रथम नोंदला गेला.

त्यानंतर आशेचे स्थान ठरले आर्टिमिसिनिन. त्याची कथा आपणा वैद्यांना विशेष बोधप्रद आहे. चीनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या शोधप्रकल्पात तू यूयू यांनी प्राचीन चिनी ग्रंथांतील अनेक योग तपासले. आर्टिमिसिया ॲन्युआ या वनस्पतीचे परिणाम कधी मिळत, कधी मिळत नसत. चौथ्या शतकातील गे हुंग यांच्या ग्रंथात ती पाण्यात भिजवून पिळून रस घेण्याची कृती होती. उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने कार्यकारी द्रव्य नष्ट होत असावे, हा तर्क करून त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. १९७१ साली तो यशस्वी ठरला, १९७२ साली शुद्ध द्रव्य हाती आले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या पंचविध कषाय कल्पनांच्या दृष्टीने पाहता ही कृती क्वाथापेक्षा हिम आणि स्वरस यांच्या जवळची आहे. द्रव्याइतकीच कल्पनाही महत्त्वाची, या आपल्या सिद्धान्ताचे याहून प्रभावी उदाहरण सापडणे कठीण.

आर्टिमिसिनिनच्या रेणूतील ऑक्सिजनचा एक सेतू हीममधील लोहामुळे तुटतो आणि त्यातून निर्माण होणारे तीव्र क्रियाशील अंश परजीवीच्या अनेक प्रथिनांवर आघात करतात. ते वेगाने काम करते, तसेच वेगाने शरीरातून निघूनही जाते. म्हणून त्याला दीर्घकाळ टिकणाऱ्या दुसऱ्या औषधाची जोड अत्यावश्यक आहे. एकट्याने दिल्यास ज्वर झटपट उतरतो, मागे राहिलेले परजीवी पुन्हा वाढतात आणि त्यांतूनच प्रतिकार करणारे वंश निवडले जातात. पश्चिम कंबोडियात हे प्रथम घडले. केल्च-१३ या जनुकातील उत्परिवर्तने त्यामागे असल्याचे २०१४ साली समजले. असा परजीवी कोवळ्या अवस्थेत रक्तरंजकाचे ग्रहणच कमी करतो. हीम कमी, तर औषधाचे क्रियाशील होणेही कमी. २०२० आणि २०२१ मध्ये रवांडा आणि युगांडा येथूनही अशा वंशांच्या नोंदी आल्या. भारताने केवळ आर्टिमिसिनिन वर्गाची एकेरी तोंडी औषधे २००९ साली बंद केली, ती याच कारणास्तव.

याच ओघात एक इशारा देणे आवश्यक वाटते. आर्टिमिसिया ॲन्युआची पाने किंवा चूर्ण चहाच्या रूपाने विकण्याचा मोह काहींना होतो. अशा कल्पनेत द्रव्याचे प्रमाण अल्प आणि अनिश्चित असते. परजीवी अर्धवट मारण्याचा आणि प्रतिकार वाढविण्याचा तो मार्ग ठरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा स्वरूपाच्या वापरास पाठिंबा दिलेला नाही. आपल्याकडील सुगंधी दवणा हा त्याच कुळातील आर्टिमिसिया प्रजातीचा असला तरी जाती भिन्न आहे. नामसाम्यावरून गुणसाम्य गृहीत धरू नये.

आयुर्वेदीय औषधांचे स्थान

सप्तपर्ण, किराततिक्त, कटुकी, गुडूची आणि लताकरंज ही द्रव्ये विषमज्वरात परंपरेने वापरली जातात. सप्तपर्ण, कटुकी, किराततिक्त आणि लताकरंज यांपासून केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेने आयुष-६४ हा योग सिद्ध केला. व्हायव्हॅक्सच्या रुग्णांत त्याची क्लोरोक्विनशी तुलना करणारा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. २८ व्या दिवशी क्लोरोक्विन घेतलेले सर्व रुग्ण परजीवीमुक्त होते. आयुष-६४ घेतलेल्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. हा निष्कर्ष आपणास अप्रिय वाटला तरी तो दडवून ठेवण्यासारखा नाही. योगाचा काही प्रभाव आहे, असे यातून दिसते. पण ज्या रोगात उरलेला प्रत्येक परजीवी पुन्हा वाढतो, तेथे निम्मे यश हे यश ठरत नाही. फाल्सिपॅरममध्ये तर ते प्राणांशी खेळणे होईल.

चरकाचार्यांनी विमानस्थानात कृमींसाठी अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानवर्जन असा त्रिविध उपक्रम सांगितला आहे. त्याच चौकटीत आजच्या कर्तव्याची विभागणी करता येते. अपकर्षणाचे, म्हणजे परजीवीच्या प्रत्यक्ष निर्मूलनाचे काम सिद्ध झालेल्या संयुक्त औषधांवरच सोपवावे. प्रकृतिविघाताच्या अंगाने ज्वरोत्तर अग्निमांद्य, पांडुता, यकृत-प्लीहेचे दौर्बल्य आणि बलहानी यांत लघु आहार, पथ्य आणि यथायोग्य आयुर्वेदीय औषधे यांना मोठा वाव आहे. निदानवर्जन म्हणजे डासांचा प्रतिबंध. मच्छरदाणी, आठवड्यातून एक कोरडा दिवस, साठलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडणे, ही कामे वैद्याच्या शब्दाने गावात जितकी होतात तितकी फलकांनी होत नाहीत.

वैद्यांनी लक्षात ठेवावयाच्या बाबी

१. प्रत्येक ज्वरित रुग्णात हिवतापाचा विचार करावा आणि औषधयोजनेपूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी. काचपट्टी किंवा जलद निदान चाचणी, दोन्हींची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे.

२. जलद चाचणीच्या मर्यादा जाणाव्यात. फाल्सिपॅरमचे जे प्रथिन ती शोधते त्याचे जनुकच गमावलेले वंश पेरू देशात २०१० साली नोंदले गेले आणि नंतर इतरत्रही आढळले. उलटपक्षी, परजीवी मेल्यावरही ते प्रथिन काही आठवडे रक्तात राहते. म्हणून उपचारानंतरची सकारात्मक चाचणी म्हणजे अपयश नव्हे.

३. संज्ञेत बदल, आक्षेप, सतत वमन, श्वासकष्ट, कामला, मूत्राल्पता, तीव्र पांडुता यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. गर्भिणी आणि बालके यांच्याबाबतीत विशेष सावधता बाळगावी.

४. प्रायमाक्विनपूर्वी जी-सिक्स-पी-डी चाचणी शक्य असेल तेथे करावी. ती शक्य नसेल तर मूत्राच्या वर्णावर लक्ष ठेवण्यास रुग्णास सांगावे.

५. ज्यांना अशी औषधे लिहिण्याचा विधिमान्य अधिकार नाही त्यांनी रुग्ण तात्काळ आरोग्य केंद्राकडे सोपवावा. त्यात कमीपणा मानू नये.

औषधालयचालकांसाठी

१. हिवतापाच्या गोळ्या सुट्या विकू नयेत. रुग्णाने दोनच मागितल्या तरी संपूर्ण क्रमाचे महत्त्व समजावून सांगावे.

२. कोणता संयोग द्यावयाचा हे राष्ट्रीय कार्यक्रम प्रदेशानुसार ठरवितो. ईशान्येकडील राज्यांत २०१३ पासून वेगळा संयोग दिला जाण्याचे कारण तेथील परजीवीने दाखविलेला प्रतिकार हेच होते. एकाऐवजी दुसरे औषध परस्पर बदलून देऊ नये.

३. आर्टिमीथर-ल्युमेफॅन्ट्रिन हा संयोग दूध किंवा स्निग्ध आहाराबरोबर घ्यावा लागतो, अन्यथा ल्युमेफॅन्ट्रिनचे शोषण कमी होते. अनुपानाचे महत्त्व जाणणाऱ्या आपल्या परंपरेला हे सांगणे अवघड नाही.

४. आयुर्वेदीय योगांच्या वेष्टनावर किंवा तोंडी, हिवताप समूळ बरा करण्याचा दावा करू नये.

समारोप

हिवतापाचा परजीवी यकृतात झोपतो, केशिकांत लपतो, मुखवटे बदलतो आणि औषधाची धार चुकविण्यासाठी स्वतःचा आहारही कमी करतो. या प्रत्येक युक्तीला तोडीस तोड असा एक साधा उपाय आपल्या हाती आहे : सुप्त बीजासाठी १४ दिवसांचा क्रम, दडलेल्या परजीवीसाठी पुनःपुन्हा रक्ततपासणी, वेषांतरासाठी सतत जागरूकता, औषध-प्रतिकारासाठी संयुक्त आणि पूर्ण मात्रा. रुग्णाचा ज्वर उतरल्यावर त्याला निरोप देताना उरलेल्या गोळ्या संपविण्याची आणि पुन्हा तपासणीस येण्याची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यावी. गावातील वैद्याच्या शब्दाला आजही मान आहे. तो शब्द या एका बाबतीत ठामपणे उच्चारला गेला तर अनेक रुग्ण वाचतील आणि आज उपयोगी असलेली औषधे पुढील पिढीसाठीही उपयोगी राहतील.